बी सी झेड के ई आय डब्ल्यू जे, तालुका पेडणे

इब्रामपूर हे गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे. मतदारयादीला ते ठाऊक आहे, वीजखात्याला ठाऊक आहे, निवडणूक तोंडावर आली की झाडून सगळ्या पक्षांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त प्रिंटरला. ‘इब्रामपूर’ हा शब्द ‘कृतिदेव’ फाँटात टाईप करा, फाईल पेनड्राइव्हवर घ्या आणि ज्या संगणकात तो फाँट नाही तिथे उघडा. गावाचे नाव दिसते बी, सी, झेड, के, ई, आय, डब्ल्यू, जे. आठही अक्षरे इंग्रजी आणि एकाचाही दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. देवाचीही यातून सुटका नाही. ‘राम’ लिहिला तर उमटतात जे, के, ई. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या नावांचे पुष्कळ हाल झाले, पण इतके हाल करायला त्यांनाही सुचले नव्हते.

समजा, गावात दशावतारी नाटक ठरले आहे आणि मंडळाला हस्तपत्रक छापायचे आहे. मंडळातल्या एका हौशी गृहस्थाने रात्री जागून मजकूर बसवला. वर गणपती, मध्ये नाटकाचे नाव, खाली कार्यकारिणी. कुणाचे नाव आधी घालायचे यावरून दोन-तीन फोन झाले, रुसवेफुगवे झाले, तडजोड झाली. सकाळी पेनड्राइव्ह म्हापशाच्या दुकानात पोचला. दुकानातल्या पोराने फाईल उघडली आणि एका नजरेत निदान केले.

‘काका, तुमचो फाँट हांगा ना.’

‘घरा बरें दिसता रे!’

‘घरा दिसतलेंच. थंय फाँट आसा.’

भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचा अर्धा इतिहास या चार वाक्यांत आला. उरलेला अर्धा असा, की रात्रभर जागून बसवलेला मजकूर तो पोरगा पुन्हा पहिल्यापासून टाईप करतो, कार्यकारिणीतले एक नाव गाळतो, आणि मंडळात पुढची दोन वर्षे पुरेल असे भांडण लागते.

गोम अशी की कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती, सीडॅक या सरकारी संगणकसंस्थेचा ‘योगेश’ ही जुन्या काळची नामांकित फाँटमंडळी आतून देवनागरी नव्हतीच. दशावतारात तोंडाला रंग लावून गावचाच माणूस राजा होतो, तशी ही इंग्रजी अक्षरे देवनागरीचा रंग लावून पडद्यावर उभी राहत. फाईल दुसऱ्या संगणकात गेली की रंग उतरला, आत जे होते ते उघडे. फाँटात एकूण जागा २५६, त्यातल्या काही संगणकाने स्वतःसाठी राखलेल्या. उरलेल्या जागांत काने, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार आणि जोडाक्षरे जमतील तशी कोंबायची. कुठले अक्षर कुठल्या खणात हे ज्याने त्याने आपापले ठरवले. कृतिदेवात ‘र’ जे या अक्षराच्या खणात, कारण रेमिंग्टनच्या टाईपरायटरवर त्याची कळ तिथे होती. श्रीलिपीचे कोष्टक वेगळे, आकृतीचे वेगळे. एकाचा मजकूर दुसऱ्याला कळायचा नाही, आणि वरून काही पॅकेजांना डोंगल. कुलूप फाईलला आणि किल्ली कंपनीकडे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचे सामायिक प्रमाण जाहीर केले होते. बाजाराने त्याचा मान राखला, म्हणजे त्याला हात न लावता बाजूला ठेवले.

गोव्याला हे दुखणे नवे नाही. भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो गोव्यातच, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये इथे आले, मराठी शिकले, तिच्यावर भाळले आणि त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापून निघाले. मराठी ओव्या, पण लिपी रोमन. स्वतः स्टीफन्सना हे खुपत होते. इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच अक्षरांत छापून निघावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे त्यांनी १६०८ च्या एका पत्रात रोमला कळवले होते, आणि अडचणही सांगितली होती: युरोपात चोवीस अक्षरांत भागते, इथे साचे लागतील सहाशे.

त्याआधी तीस वर्षे, १५७८ मध्ये, कोल्लमला तमिळ अक्षरांत तमिळ पुस्तक छापून झाले होते, आणि तमिळ खिळे ओतण्याचा पहिला खटाटोप तर गोव्यातच झाला होता. तेव्हा ‘देवनागरीला जमत नाही हो’ हे गोव्यातले सर्वात जुने तांत्रिक कारण समजायला हरकत नाही. वय चारशेच्या पुढे, तब्येत उत्तम, आजही कुठल्याही कचेरीत भेटते.

स्टीफन्सची अडचण निदान खरी होती. शिसे वितळवायचे, साचे कोरायचे, सहाशे खण भरायचे, हे काम येरागबाळ्याचे नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात ते झालेही. विल्यम केरीने सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या खिळ्यांनी पोथ्यांपासून पंचांगांपर्यंत सगळे इतके देखणे छापले, की आजचे लेझर प्रिंटर त्यापुढे हौशी वाटावेत. शिशाने जे सोडवले ते संगणकाने पुन्हा गुंतवले, आणि आपण त्याला प्रगती म्हणालो.

बरे, हा गुंताही सुटून जमाना झाला. युनिकोड हे जगातल्या लिप्यांचे सामायिक कोष्टक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. त्यात स्टीफन्सना हवे असलेले सहाशे साचे नाहीत, फक्त मूळ अक्षरे, मात्रा आणि खुणा. ‘इब्रामपूर’ची साठवण होते नऊ खुणांत: इ, ब, हलन्त, र, काना, म, प, दीर्घ उकार, र. ‘ब’ला ‘र’ कसा चिकटवायचा हे ऐनवेळी फाँट ठरवतो. ‘वि’ लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवताना आधी ‘व’ आणि मग वेलांटी. जागेवर नेऊन बसवायचे काम संगणकाचे. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फाँट फुकट मिळू लागला. त्याची अक्षरे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातची. म्हणजे पाव शतकापूर्वी मराठी माणसाच्या हातची अक्षरे जगभरच्या संगणकांत जाऊन बसली, आणि आपल्या दुकानात अजून ‘फाँट ना’.

यात दुकानातल्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला शिकवला पेजमेकर हा पानजुळणीचा प्रोग्राम. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आणि युनिकोडातले देवनागरी तिला जुळवता येत नाही. इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट हाताळता येऊ लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. लग्नपत्रिकेची वेलबुट्टी, नक्षीदार अक्षरे, मालकाने दहा वर्षांत साठवलेले नमुने, सगळे जुन्या फाँटांत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडात मजकूर पाठवतो, पोरगा तो कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात ओततो, आणि ओतताना काय सांडले ते वधूपिता मांडवात वाचतो.

काय सांडते ते एकदा जवळून पाहाच. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातल्या ‘ऱ्’ची ती चंद्रकोर मराठीचा, कोकणीचा खास दागिना. हिंदीला तिची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी बेतलेल्या फाँटांना आणि कन्व्हर्टरांना तिची पत्रासही नाही. ओताओतीत चंद्रकोर आडवी पडते आणि होते ‘व-हाड’. वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांच्या गाइडांत, भाषणांच्या प्रतींत हे ‘दुस-या’, ‘सा-या’, ‘कु-हाड’ इतके पसरले, की मुलांना वाटते मराठीत शब्दाच्या मधोमध हायफन घालायचा नियमच आहे. ‘ॲ’चीही कथा तीच. त्याला युनिकोडात स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र बसवून भागवायचे, आणि ते अनेक संगणकांना मानवायचे नाही. ‘ॲडव्होकेट’च्या पाटीवर चंद्र एकीकडे, ‘अ’ दुसरीकडे. घटस्फोट वकिलाच्या नावापासूनच सुरू.

कागद बिघडून आला की लोक प्रिंटरला शिव्या देतात. प्रिंटर बापडा बहुधा निर्दोष असतो. बिघाड ओळखायचा तर कागदावर काय उमटले ते पाहा.

रिकामे चौकोन आले, तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या संगणकात देवनागरी फाँट नाही. फाँट घाला, काम होईल.

गोल टिंबांचे वर्तुळ आले आणि त्याला एकटी वेलांटी लटकलेली असेल, तर मात्रेला अक्षर सापडलेले नाही. टाईप करणाऱ्याने क्रम चुकवला किंवा प्रोग्राम जुनाट आहे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि शेजारी चलनाचे वाटोळे चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा आली, तर फाईल युनिकोडात आहे, पण वाचणारा तिला इंग्रजी समजून वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. त्याने तिन्ही सुटे वाचले. सेटिंग बदलले की अक्षरे जाग्यावर.

आणि ओळभर प्रश्नचिन्हे आली, तर हात जोडा. मजकूर मेला. इंग्रजीपुरत्याच बांधलेल्या डेटाबेसमध्ये तो कधीतरी साठवला गेला, आणि त्याने अनोळखी अक्षरे फेकून तिथे प्रश्नचिन्हे ठेवली. मग कुठलाही फाँट आणा, नवा प्रिंटर आणा, नारळ फोडा. तुमचे नाव परत येत नाही.

कचेरीतला जुना डॉट मॅट्रिक्स मात्र खरा गुन्हेगार असू शकतो. त्याच्या पोटात कारखान्यातूनच भरलेली इंग्रजी अक्षरे असतात. संगणकाने नुसता मजकूर पाठवला तर तो तीच ठोकतो. देवनागरी हवी तर तिचे चित्र करून टिंबाटिंबाने पाठवावे लागते. कर्रकर्र आवाज वाढतो, वेळ वाढतो, रिबन झिजते, आणि कारकून म्हणतो, ‘इंग्रजीत देऊ का? लवकर होईल.’ पुण्याच्या सीडॅकने संगणकात घालायचे ‘जिस्ट’ कार्ड काढून यावर तेव्हाच उपाय दिला होता. ‘इंग्रजीत देऊ का’ला मात्र अजून कार्ड निघालेले नाही.

आता म्हणाल, बदल व्हायला वेळ लागतोच. मग रुपयाच्या चिन्हाची गोष्ट ऐका. देवनागरी ‘र’ला आडवी रेघ मारून बेतलेले ते चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला मंजूर केले. ऑक्टोबर २०१० मध्ये ते युनिकोडात दाखल झाले. तीन महिने! पुढे संगणकांत आले, कीबोर्डांवर आले, बिलांवर आले. पैशाचा ‘र’ तीन महिन्यांत मार्गी लागला आणि वऱ्हाडाचा ‘ऱ’ अजून हायफनच्या रूपात हिंडतोय. अडचण लिपीची असती तर दोघेही अडकले असते.

गोव्यात या विषयाला आणखी एक फोडणी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. त्यावरून आधीही रणे माजली आणि नंतरही माजत आली आहेत. कोकणीवाले मराठीवाल्यांशी बोलेनात, मराठीवाले कोकणीवाल्यांकडे बघेनात. प्रिंटरने मात्र कसलाही पक्षपात केला नाही. त्याने दोघांनाही सारखेच चौकोन दिले. ‘ळ’ तुमचाही मोडला, आमचाही मोडला. दोन्ही सैन्ये लिपीच्या बाबतीत एकाच खंदकात आहेत, हे निदान त्या चौकोनांकडे बघून तरी ध्यानात यायला हवे होते. रोमन लिपीत लिहिणाऱ्या रोमी कोकणीवाल्यांचे छापताना कधी अडत नाही. चारशे वर्षांपूर्वी राशोलला जो शॉर्टकट सापडला, तो आजही पाण्यासारखा वाहतोय.

अलीकडे संगणकाने नवीच सोय केली आहे. नोंदी इंग्रजीत ठेवायच्या आणि वेळ आली की यंत्राकरवी त्यांचे देवनागरी करायचे. माणसाला कष्ट नाहीत, त्यामुळे बघायचेही कष्ट नाहीत. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची. त्यांच्या शेवटचा ‘एम’ नुसता अनुनासिकाची खूण, हे यंत्राला कुणी सांगितले? म्हणून पेडण्याचे ‘पेरनेम’ होते, मोरजीचे ‘मोरजिम’, आणि तोर्शाचे ‘टोर्क्सेम’, जे ऐकून गाव कमी आणि खोकल्याचे औषध जास्त वाटते. इब्रामपूरच्या स्पेलिंगात ‘एम’ शेवटी नाही, तरी काना आणि दीर्घ उकार हरवून ‘इब्रमपुर’ होतेच. फाँट सुरेख, छपाई स्वच्छ, एक टिंब इकडचे तिकडे नाही, आणि मजकूर साफ चुकीचा. आधी बरोबर मजकूर वाईट छापला जायचा, आता चुकीचा मजकूर उत्तम छापला जातो.

यावर उपाय शोधायला समिती नको, अभ्यासदौरा तर नकोच. टाईप करायचे ते युनिकोडातच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये फुकट बसवता येतो, मोबाइलमध्ये तर सगळेच मराठीत लिहितात. छापखान्यात फाईल पाठवायची ती पीडीएफ करून, आणि फाँट आत बसवलेला आहे याची खात्री करून. मग दुकानात तो फाँट असो वा नसो, रंग उतरत नाही. दुकानाला जुन्या फाँटात ओतणे भागच असेल तर छापण्याआधी प्रूफ मागायचे, आणि त्यात रफार, चंद्रकोर, ‘ळ’ आणि ‘ॲ’ एवढ्या चार जागा बोट ठेवून वाचायच्या. कचेऱ्यांनी नावे मुळात देवनागरीतच नोंदवून घ्यायची, ज्याचे नाव त्याला दाखवून.

राहता राहिली खरेदी. सरकारी खाते असो, पंचायत असो, सहकारी सोसायटी असो, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर घेताना कोटेशनमध्ये वॅट बघतात, वॉरंटी बघतात, पानामागचा खर्च बघतात. देवनागरी उमटते का हे बिल चुकते झाल्यावर बघतात. त्यांच्यासाठी ही एक ओळ इथे लिहून देतो. हिचा हक्क राखून ठेवलेला नाही, खुशाल कापून घ्या:

‘इब्रामपूरच्या वऱ्हाडात ॲडव्होकेट विठ्ठल यांनी कार्तिकात केळीच्या बागेसाठी ₹ ५०० ची कुऱ्हाड घेतली.’

ओळीला अर्थ फारसा नाही, पण देवनागरी जिथे जिथे मोडते त्या बहुतेक जागा हिच्यात आहेत. विकणाऱ्याला सांगा, ही ओळ तुमच्या यंत्रावर आमच्यासमोर जशीच्या तशी छापून दाखवा. चंद्रकोर शाबूत आली, रुपया रुपयाच राहिला, ‘विठ्ठल’ अखंड उभा राहिला, तरच पैसे द्या. आणि तुमच्या हाती कुणी चौकोनांचा कागद ठेवला, तर ‘चालेल हो, नाव समजते’ म्हणून घडी घालून खिशात टाकू नका. परत करा आणि नीट छापून मागा. आपण ‘चालेल’ म्हणतो म्हणूनच हे चालते.